पगाराची शाखा की आवडीची?

दोन्हीकडे प्रवेश मिळतोय, मन इतिहासात आहे आणि घरचे कॉम्प्युटर सायन्सवर अडून बसलेत. अशा कात्रीत सापडलेली मुलं माझ्याशी बोलायला येतात, तेव्हा त्यांच्याकडे बहुधा सुरुवातीच्या पगाराचे आकडे असतात. आकडे खोटे नसतात, पण ते पहिल्या वर्षाचे असतात. नोकरी करायची असते पस्तीस-चाळीस वर्षं.

सुरुवातीला कॉम्प्युटर सायन्स पुढे असतं, यात वाद नाही. आणि शाखेने फरक पडतोच. विद्यापीठ किती नावाजलेलं आहे यापेक्षा तिथे काय शिकलात याचा कमाईवर जास्त परिणाम होतो, असं नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे "विद्यापीठ मोठं आहे ना, मग शाखा कुठलीही चालेल" हा सल्ला मला पटत नाही.

पण ही आघाडी तशीच टिकत नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० साली अमेरिकेतल्या पदवीधरांबद्दल दाखवून दिलं की तंत्रशाखांच्या पदवीमुळे मिळणारा जादा पगार सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे झपाट्याने कमी होत जातो. शिकलेलं तंत्र जुनं होतं आणि नवं शिकलेली मुलं शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. म्हणजे ही शाखा घेणाऱ्याला पुन्हा पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. रात्री दोन वाजता प्रोग्राम अडलाय, चूक सापडत नाहीये, तरी उठावंसं वाटत नाही, असं होत असेल तर बेलाशक जा. नुसत्या पगारासाठी गेलेल्याची मात्र चार-पाच वर्षांतच दमछाक होते.

इतिहासाचं गणित उलटं आहे. पदवीला थेट जोडलेली नोकरी फारशी नसते. अध्यापन, पत्रकारिता, कायदा, प्रशासन, संग्रहालयं, यांतली वाट स्वतः शोधावी लागते, आणि बहुतेक वाटांवर आणखी एक पदवी लागते. पण एकाच घटनेबद्दल उलटसुलट सांगणारी दोन पत्रं समोर ठेवायची, कोण कुणाला आणि कशासाठी लिहितोय ते ताडायचं, ही सवय जुनी होत नाही. तिचं मोल उशिरा मिळतं, एवढंच.

आणि इतकं थांबणं सगळ्यांना परवडत नाही, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. "पैसा महत्त्वाचा नाही" असं दोन मुलं म्हणतात. एकाचं खोलीभाडं पदवीनंतरही घरून येणार असतं. दुसऱ्याला पहिल्या पगारापासून शिक्षणकर्जाचा हप्ता भरायचा असतो. मत एकच, पण जोखीम दुसऱ्याचीच मोठी. विद्यापीठाच्या दारातही ही विषमता दिसते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की अमेरिकेतल्या ३८ महाविद्यालयांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं तळाच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. म्हणून आवड जपण्याचा सल्ला कोण देतंय, त्याच्या घरी काय होतं, हेही विचारावं. पगारामागे जाणाऱ्या मुलाला कुणी लोभी म्हटलं की तर मला फार वाईट वाटतं. बहुतेकदा तो घर सावरायला निघालेला असतो.

माझं मत विचाराल तर असं: घर तीन-चार वर्षं तुमच्या कमाईविना चालत असेल आणि इतिहासाची ओढ खरी असेल, तर इतिहास घ्या. चालत नसेल तर कॉम्प्युटर सायन्स घ्या आणि विद्यापीठ परवानगी देत असेल तर इतिहास दुय्यम विषय म्हणून ठेवा. घर चालत नसेल आणि गणिताचीही भीती असेल, तर मात्र दोन्ही सोडून तिसरी शाखा बघा.

ओढ खरी आहे का, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून कळत नाही. ती अजून नव्या नवलाईत असतात. शेवटच्या वर्षाच्या दोघा-तिघांना गाठा. ग्रंथालयातून दोन्ही शाखांचं शेवटच्या वर्षाचं एकेक पुस्तक काढा आणि मधलंच एखादं प्रकरण वाचा. ज्यात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, त्याच्या पानावर खूण ठेवा आणि मग घरच्यांबरोबर खर्चाचा हिशेब करायला बसा.