आवाज वाढवणाऱ्या एक्स्टेन्शनने माझा कॅशबॅक पळवला

कॅशबॅक साइटवरून ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी हे वाचाच. माझ्या मिक्सरचा कॅशबॅक नामंजूर झाला. कारण काय, तर "शेवटचा क्लिक दुसऱ्या पार्टनरकडून आला." कुठला दुसरा पार्टनर? मी त्यांच्याच साइटवरून गेलो होतो. ज्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक शेवटी आलं त्याला दुकान कमिशन देतं, आणि त्यातलाच वाटा आपल्याला कॅशबॅक म्हणून मिळतो. आधी वाटलं, हेच लोक टोपी घालतायत.

मग दुकानाच्या साइटवर एक वस्तू उघडून ॲड्रेस बारकडे नीट बघितलं. पान उघडलं, क्षणभर पांढरं झालं, परत उघडलं आणि पत्त्याच्या शेपटाला भलताच टॅग, म्हणजे गिऱ्हाईक कोणी पाठवलं ते सांगणारी खूण, चिकटलेला! पुन्हा करून बघितलं तर काहीच नाही. कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) पुसल्या की परत तोच प्रकार. एकदा टॅग चिकटवला की गप्प बसायचं, म्हणून तर इतके दिवस पत्ता लागला नाही.

क्रोमच्या इन्कॉग्निटो विंडोत मात्र सगळं साफ. तिथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्रॅम, चालत नाही, त्यामुळे संशय तिकडेच गेला. निम्मी बंद, निम्मी चालू, मधे कुकीज पुसायच्या, असं करत करत एकावर बोट आलं. लेक्चरचा आवाज बारीक येतो म्हणून टाकलेलं, आवाज वाढवणारं एक्स्टेन्शन. खात्रीसाठी एफ१२ दाबून, पान कुठे कुठे संपर्क करतं ते दाखवणारा नेटवर्क टॅब उघडला. तिथे 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, नाहीतर पान बदललं की आधीच्या नोंदी जातात. एक्स्टेन्शन चालू असलं की मधेच एका अनोळखी डोमेनला फेरी, बंद केलं की फेरी गायब.

सुरुवातीला ते बरं होतं. आता क्रोमच्या एक्स्टेन्शन स्टोअरवर डेव्हलपरचं नावच वेगळं दिसतंय. लोकांच्या अंगवळणी पडलेलं एक्स्टेन्शन विकत घ्यायचं आणि अपडेटमधून आपला कोड घुसवायचा, हा धंदा जुना आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन २०२० मध्ये असंच दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. अपडेट आपोआप होतात. नवी मोठी परवानगी लागली तर क्रोम थांबून विचारतो, पण सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची मुभा पहिल्याच दिवशी घेतलेली असेल, तर विचारायला उरतंच काय?

तुमच्याकडची एक्स्टेन्शनची यादी आजच उघडा. ज्याचं काम अडत नाही ते काढून टाका, उरलेल्यांच्या 'डीटेल्स'मध्ये जाऊन साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' करा. स्टोअरवरचे रिव्ह्यू नवे आधी लावून वाचा; चार ताऱ्यांची सरासरी बहुतेक जुन्या मालकाची कमाई असते. सिंकमुळे (एकाच खात्याने सगळीकडे क्रोम सारखं ठेवण्याची सोय) माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही तेच बसलं होतं, तेही बघा. मी बँकेचा पासवर्डसुद्धा बदलला, कारण जे पान बदलू शकतं ते त्यावर टाइप केलेलंही वाचू शकतं.

स्टोअरवर तक्रार केली आहे. कॅशबॅकवाल्यांनी पैसे दिले नाहीतच. त्यांच्या नोंदीत क्लिक दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि ते खोटंही नाही.