दाजींची पॉलिसी आणि तीन वर्षांची अट

मार्च २०२३ मध्ये माझे दाजी गेले. वय ४९. शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करायचे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडले, दुपारी कारखान्यातच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ताईच्या पदरात दोन मुलं, घराचं कर्ज आणि सहा लाखांची विमा पॉलिसी. त्या पॉलिसीतून ताईच्या हाती आले ते फक्त भरलेले दोन हप्ते, ८०,००० रुपये. हे कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्या गल्लीत अजून तीन-चार घरांत त्याच एजंटाने काढलेल्या पॉलिसी आहेत.

एजंट परका नव्हता. आमच्याच तालमीतला, गणपतीच्या वर्गणीला बरोबर फिरणारा. दाजींची २०११ सालची चार लाखांची एक पॉलिसी होती, वर्षाला १८,००० हप्ता. दहा वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता. २०२१ च्या पावसाळ्यात हा घरी येऊन म्हणाला, "दाजी, ही जुनी पॉलिसी आता काय कामाची नाही. सरेंडर करा, मी तुम्हाला मोठी काढून देतो." जुनी मोडली, आलेल्या पैशातूनच नव्या पॉलिसीचा ४०,००० चा पहिला हप्ता भरला. सरेंडरला भरल्यापेक्षा कमी पैसे मिळाले, तेही "पुढे भरून निघतील" म्हणून पचवले.

त्याने जुनी मोडायला का लावली, हे आम्हाला दाजी गेल्यावर कळलं. एजंटाचं कमिशन हप्त्यावर मिळतं, पण दरवर्षी सारखं नसतं. त्यावेळी अशा लांब मुदतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी बोनस कमिशन धरून हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत मिळायचं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५ टक्के. म्हणजे दाजींची जुनी पॉलिसी चालू राहिली असती तर त्याला वर्षाला ९०० रुपये. नवी काढली की एका दमात १४,००० पर्यंत. २०२३ पासून कमिशन किती द्यायचं हे एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कंपन्यांचं संचालक मंडळ ठरवतं, पण पहिल्या वर्षाचं पारडं अजूनही जड आहे. कमिशन घेणं चूक नाही, तो त्याचा धंदा आहे. पण त्या १३,१०० रुपयांच्या फरकासाठी त्याने ताईचं दहा वर्षांचं संरक्षण मोडलं, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे.

संरक्षण का म्हणतो ते नीट समजून घ्या. १९३८ च्या विमा कायद्यात कलम ४५ आहे, २०१५ साली ते बदललं. त्याप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. आजार लपवला, चुकीची माहिती दिली, काहीही असो. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर मात्र तो 'अर्ली क्लेम', आणि त्याची चौकशी होते. दाजींची जुनी पॉलिसी ही तीन वर्षं कधीच ओलांडून गेली होती. नवीन घेतली त्या दिवशी मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, आणि एकोणीस महिन्यांत ते गेले. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तरीही तीन वर्षं नव्याने मोजतात, हेही लक्षात असू द्या.

दाजींना २०१६ पासून शुगर होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलच्या डब्यात त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या असायच्या. फॉर्म भरायच्या दिवशी मी तिथे होतो. ताईने चहा आणला, एजंटाला साखरेचा, दाजींचा वेगळ्या कपात बिनसाखरेचा. तो म्हणाला, "दाजी, अजून पथ्य पाळताय व्हय?" मग फॉर्म पुढे सरकवला, "हितं आणि हितं सही करा, बाकीचं मी ऑफिसात भरतो." दाजींनी चष्मा शोधला, सापडला नाही, तशीच सही केली.

क्लेमचे कागद दिल्यावर कंपनीचा चौकशी अधिकारी आला. आधी कारखान्यात, मग शेजारी, मग कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानात. शेवटी २०१६ मध्ये दाजी चार दिवस ॲडमिट होते त्या दवाखान्याची फाइल मिळवली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चौकशी ९० दिवसांत संपवायची होती. आता विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी लागणारा मृत्यू दावाही ४५ दिवसांत निकाली काढायचा आहे. आम्हाला पाच महिन्यांनी पत्र आलं: आजाराची माहिती दडवली, दावा नामंजूर. फसवणुकीचा आरोप त्यांनी ठेवला नव्हता, म्हणून हप्ते परत केले.

मग बॉण्डला, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदाला, जोडलेली फॉर्मची प्रत मी पहिल्यांदा उघडली. 'मधुमेह आहे काय?' समोर 'नाही'. 'कधी रुग्णालयात दाखल होता काय?' समोर 'नाही'. निळ्या पेनाने, तिरक्या घाईच्या अक्षरात, जे अक्षर मी वर्गणीच्या पावत्यांवर शेकडो वेळा पाहिलंय. खाली दाजींची सही, एकेक अक्षर सुटं काढलेली. ताई तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली होती.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे गेलो. कोल्हापूरसाठी लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, मात्र कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत करावी लागते. सुनावणीत एजंटाने सरळ सांगितलं, जे सांगितलं तेच लिहिलं. चहाची गोष्ट मी सांगितली, पण तिला पुरावा काय? सही दाजींची होती. न वाचता, न समजता सही केली म्हणून त्यातून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या एका निकालातही आहे. आमची तक्रार फेटाळली गेली.

आता तुमच्याकडे पॉलिसी असेल तर आज रात्री बॉण्ड काढा आणि मागची फॉर्मची प्रत वाचा. नवी असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, मुद्रांक आणि मेडिकलचा वगैरे किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. मुदत गेली असेल तर खरी माहिती शाखेत लेखी द्या, एजंटाच्या हातात नको. आणि जुनी मोडून नवी काढायला कोणी सांगितलं तर त्याला एकच विचारा, ह्यात तुला पहिल्या वर्षी किती मिळणार?

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकांचा बॉण्ड मी आणि ताईने मिळून वाचला. एजंट तोच. काकांना आठ वर्षांपासून रक्तदाब, आणि फॉर्मवर तेच निळं तिरकं 'नाही'. पॉलिसीला सव्वा वर्ष झालंय. ताईने स्वतः अर्ज लिहून दिला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडल्या, काकांना घेऊन शाखेत गेली आणि पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलली नाही. कंपनीने काकांची तपासणी करून हप्ता वाढवलाय. काका कुरकुरत का होईना, भरतायत.