दोन पेशींचे परागकण की तीन?

सुरुवात दोन्ही प्रकारांची सारखीच: परागकोशातील लघुबीजाणू मातृपेशीचे अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे) होऊन 4 लघुबीजाणू, म्हणजे भावी परागकण, तयार होतात. प्रत्येकाच्या असमान विभाजनातून मोठी कायिक पेशी आणि तिच्या आत छोटी जनन पेशी बनते. फरक पडतो तो पुढे.

टोमॅटो, तंबाखू, लिली यांचे पराग याच द्विपेशीय अवस्थेत बाहेर पडतात. जनन पेशी विभागून 2 पुंयुग्मके (नर जननपेशी) नंतर परागनलिकेत, म्हणजे परागातून फुटणाऱ्या नळीत, बनतात. सुमारे 60 टक्क्यांहून अधिक सपुष्प वनस्पती या गटातल्या. गहू, भात, मोहरी, सूर्यफूल यांत मात्र जनन पेशी परागकोशातच विभागते, म्हणून पेशी तीन होतात. असे त्रिपेशीय पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) पडताच झपाट्याने रुजतात, म्हणजे त्यांची परागनलिका फुटते, पण टिकत नाहीत: भात-गव्हाचे जेमतेम अर्धा तास!

प्रयोगशाळेतही तेच. 10 टक्के साखर, लिटरला 100 मिलिग्रॅम बोरिक आम्ल आणि 300 मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट असलेल्या द्रावणात द्विपेशीय पराग सहसा रुजतात. त्रिपेशीय पुष्कळदा फुटतात, कारण द्रावण पातळ असेल तर पाणी वेगाने आत शिरते. तेव्हा साखर वाढवून पाहावी. पराग साठवून संकर करायचा असेल, तर द्विपेशीय पिकांतच काम सोपे.