नेक्रोटिक एंटरायटिस: प्रयोगात घडवावा की शेडवर गाठावा?

ब्रॉयलरच्या आतड्याचं अस्तर सडवणारा हा रोग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्समुळे होतो. गंमत म्हणजे हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या पोटातही असतो. नुसता पाजून रोग सहसा होत नाही. म्हणून प्रयोगात आधी कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) देऊन अस्तर जखमी करतात, खाद्यात फिशमील (मासळीची भुकटी) वाढवतात आणि मग जिवाणू देतात. खटाटोप मोठा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेटबी हे या जिवाणूचं विष असंच पकडलं: त्याचं जनुक निकामी केलं, तर रोग होईना. त्याआधी बरीच वर्षं ठपका त्याच्याच अल्फा नावाच्या दुसऱ्या विषावर होता.

शेडवर सगळं एकदम समोर येतं: जमिनीवर अंथरलेलं ओलं तूस, बदललेलं खाद्य, कॉक्सिडिओसिस (कॉक्सिडियाचा रोग). आतडं उघडावं तर फुगलेलं, ठिसूळ, आत टर्किश टॉवेलसारखा खरबरीत थर. पक्षी मात्र ताजा मेलेला हवा; नंतर हेच जिवाणू मेलेल्या आतड्यात माजतात आणि फसगत होते. सौम्य प्रकारात तर मरतूक दिसतच नाही, नुसता एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारं खाद्य) बिघडतो.

कारण शोधायला मला प्रयोगच पटतो. खाद्यपूरक विकत घेताना मात्र मी शेडवरचे आकडे मागेन.