डबल चेंबर पेसमेकर, ८ महिन्यांनंतर: मशीन झकास, पण सेटिंग कोण बघणार?

टाके, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मोबाईल डाव्या खिशात नको, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो. फक्त "किती टक्के ब्लॉकेज होतं?" विचारणाऱ्यांसाठी एकदाच सांगतो, माझ्या रक्तवाहिन्या ठणठणीत आहेत, बोंब वायरिंगची आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला सायनस नोड, म्हणजे ठोका सुरू करणारी गाठ, इमानदारीत मिनिटाला ८० वेळा निरोप पाठवत होता, पण एव्ही नोडच्या, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या नाक्याच्या, खाली एकही पोचत नव्हता, मग खालचे कप्पे वाट बघून कंटाळले आणि आपल्या मर्जीने ३५ ला चालू राहिले. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. ईसीजीत वरचे ठोके आणि खालचे ठोके एकमेकांना ओळखच देत नव्हते.

आता एक वायर वर बसून ऐकते, दुसरी खाली ठोका देते. पहिले दोन-अडीच महिने एकदम मस्त, तेव्हा लिहिलं असतं तर डोळे झाकून ५ स्टार.

मग जिना आला. लिफ्ट बंद, हातात पिशव्या, दुसरा मजला पार करून वर निघालो आणि एकदम पाय गळाले, जसं कोणी मेन स्विच ओढला. कठडा धरून नाडी बघितली, १५ सेकंदांत १५. अरे, चढताना ६०? घरी बसून ७५ असते! मिनिटभर थांबलो की परत ठीक. फोन केला तर "वय झालं, हळू चढा". दोनदा जाऊन आलो, पलंगावर आडवं करून तपासायचे आणि रिपोर्ट नॉर्मल, आता झोपलेल्या माणसाला जिना कसा दिसणार सांगा.

तिसऱ्या वेळी चेकिंगवाल्या मॅडमनी मात्र मला पळत्या पट्ट्यावर चालवलं आणि स्क्रीनवरच पकडलं. हिशोब असा: वरचा ठोका ऐकला की मशीन २०० मिलिसेकंद थांबतं, मग खाली ठोका देतं, आणि त्यानंतर ३०० मिलिसेकंद वरच्या वायरचे कान बंद, कारण खालचा ठोका उलटा वर चढला तर तो नवा निरोप समजून मशीन त्याच चक्रात फिरत राहील. दोन्ही मिळून अर्धा सेकंद, म्हणजे मिनिटाला १२०. वरचा नोड १२० च्या पुढे गेला रे गेला, की दर दुसरा ठोका बहिऱ्या वेळात पडणार, आणि खाली सरळ निम्मे.

माझं म्हणणं, मुळात थांबायचंच कशाला? इथे मला माझं मत बदलावं लागलं. खरा एव्ही नोडसुद्धा सेकंदाचा साधारण दहावा भाग निरोप अडवून धरतो, तेवढ्यात खालचे कप्पे भरून घेतात. तिथे वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटीमीटर, आणि पुढे खालच्या कप्प्यांत निरोप पसरवणाऱ्या पर्किंजे तंतूंमध्ये २ ते ४ मीटर! वरच्या कप्प्यांनी ३५०-४०० चा धिंगाणा घातला तर हाच नोड त्यातले बरेच ठोके गाळतो, म्हणून माणूस वाचतो. म्हणजे अडवणं हे त्याचं कामच आहे. फरक एवढाच की आपण पळायला लागलो की खरा नोड स्वतःच थांबा कमी करतो, माझं मशीनही करू शकत होतं, फक्त ते ऑप्शन कोणी चालूच केलं नव्हतं!! छातीवर सेटिंग बदलायची चकती ठेवली, दोन मिनिटांत काम झालं. यासाठी मी दोन महिने जिन्याला घाबरून होतो.

त्याच दिवशी दुसरी गंमत. माझ्या हृदयाला ०.७५ व्होल्ट पुरतात आणि मशीन ३.५ देत होतं. बॅटरी माझी आणि उधळतंय कोण! पण मॅडम म्हणाल्या सुरुवातीला वायरच्या टोकापाशी हृदयाचा भाग सुजलेला असतो, म्हणून पहिले तीन महिने मुद्दाम जास्त ठेवतात. बरं, ते पटलं. मग पुढचे दोन महिने? त्याला उत्तर नव्हतं. आता २ व्होल्ट केलंय आणि बॅटरीचा अंदाज ७ वर्षांवरून साडेनऊवर गेला. १९५८ साली स्वीडनमध्ये ज्या आर्ने लार्सनला पहिला पेसमेकर बसवला त्याचं पहिलं मशीन काही तासच चाललं, पुढे आयुष्यात वीसच्या वर बदलावी लागली, हे मला ठाऊक आहे, तरी साडेनऊ म्हणजे साडेनऊ, मी तारीख लिहून ठेवलीय.

४ स्टार. मशीनचे पूर्ण ५, एक कापला तो सेटिंग न बघता "हळू चढा" सांगणाऱ्यांचा. काल मुद्दाम पिशव्या घेऊन त्याच कठड्यापाशी थांबलो आणि नाडी मोजली, १५ सेकंदांत ३२.