जुना ड्राइव्ह देऊन त्याहून जुना घेतला

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सिस्टिम्स बघतो. गाड्यांचे सुटे भाग बनतात, त्यामुळे ड्रॉइंग्जचा बॅकअप वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. त्यासाठी छोटी टेप लायब्ररी आहे: मॅग्नेटिक टेपच्या कॅसेट ठेवायला 24 खण, आणि त्यांवर लिहिणारे-वाचणारे दोन ड्राइव्ह, एलटीओ-7 या प्रकारचे. एका टेपवर 6 टीबी मावतं (15 टीबी लिहितात ते कॉम्प्रेशन धरून).

तिची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, नाशिकमधल्याच एकाकडे होती. चार वर्षांपूर्वी लायब्ररी बसवताना त्याने सूचनांच्या ईमेलसाठी स्वतःचाच पत्ता टाकला. ‘साहेब, रात्री-अपरात्री तुम्हाला कशाला त्रास?’ मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दर तिमाहीला त्याचा रिपोर्ट यायचा: ड्राइव्ह 1 ऑनलाइन, ड्राइव्ह 2 ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे लायब्ररीला ड्राइव्ह दिसतोय, एवढंच. तो धड लिहितोय का, हे त्या शब्दातून कळत नाही.

मार्चमध्ये बॅकअप अडकायला लागले. ड्राइव्ह 2 च्या इवल्याशा डिस्प्लेवर ‘सी’ हे अक्षर. तो आला, मान हलवली. ‘हेड गेलं साहेब. अंबडची धूळ.’ आमच्या भिंतीपलीकडे ग्राइंडिंग चालतं, पटलं. नव्या ड्राइव्हचे 2,40,000 रुपये दिले. जुना तो भंगार म्हणून घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये ऑडिटसाठी जुनी ड्रॉइंग्ज काढायला बसलो, तर नव्या ड्राइव्हने तीनदा टेप परत केली. त्या रात्री मी पहिल्यांदाच लायब्ररीच्या वेबपेजवर लॉगिन केलं. पासवर्ड चार वर्षं माझ्याच कपाटातल्या फायलीत होता!

मार्चच्या नोंदींत टेपअलर्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांचे, दोन क्रमांक होते. 20 म्हणजे ‘लगेच साफ करा’, 22 म्हणजे ‘क्लिनिंग टेप संपली’. ‘सी’चाही अर्थ तोच, साफसफाई हवी. क्लिनिंग टेप ठरावीक वेळाच चालते, आमची 50 वेळांची होती. ती संपली की ड्राइव्ह साफ न होताच ती बाहेर काढतो आणि ‘सी’ तसाच राहतो. हवी होती ती काही हजारांची एक क्लिनिंग टेप. सूचनेचा ईमेल त्याच दिवशी गेला होता, त्याच्याकडे.

मग ड्राइव्हची स्वतःची आकडेवारी काढली. आयुष्यभरात चालू राहिल्याचे तास ड्राइव्ह आतच साठवून ठेवतो. पाच महिन्यांत फार तर 3,700 तास व्हायला हवेत. नव्याचे 46,000 निघाले. आमचा भंगारात गेलेला, जुन्या लॉगप्रमाणे, 31,000 वर होता.

फोन केला तर म्हणाला, ‘रिफर्बिश्ड म्हणजे नवाच असतो साहेब.’ वकिलांनी बिल मागितलं. ‘टेप ड्राइव्ह, 1 नग.’ ‘नवीन’ हा शब्द त्यावर कुठेच नाही.

आता सूचना माझ्या आणि अकाउंट्सच्या, दोन्ही ईमेलवर येतात, आणि तासांचा आकडा बघितल्याशिवाय ड्राइव्हचा चेक निघत नाही.

नाशिकमध्ये या वर्षी कुणी ‘नवा’ एलटीओ-7 ड्राइव्ह घेतला असेल तर त्याचे तास बघा. 31,000 च्या थोडे वर असतील आणि उजव्या बाजूला स्टिकर खरवडल्याची खूण असेल, तर तो आमचा आहे.