एक्सेलमधील पिवळी पट्टी आणि तिच्यामागचे ट्रस्ट सेंटर : एक परीक्षण

महिनाअखेरीचे अहवाल ज्या कार्यालयांत एक्सेलवर तयार होतात, तेथे रिबनखाली, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्ट्याखाली, उमटणारी पिवळी पट्टी सर्वांच्या परिचयाची असते. बाहेरील डेटा कनेक्शन (दुसरीकडून माहिती आणणारी जोडणी) बंद ठेवले आहे, एवढे ती सांगते आणि शेजारी ‘एनेबल कन्टेन्ट’ हे बटण देते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ओडीबीसी या जोडणीच्या पद्धतीने खात्यांच्या शिलका घेणारी फाइल असो किंवा म्युच्युअल फंडांचे रोजचे एनएव्ही (प्रति युनिट मूल्य) ‘ॲम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून आणणारी असो, ती एका सहकाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली की बहुधा ही पट्टी दिसते. विंडोजवरील एक्सेलमध्ये या पट्टीमागे कशावर विश्वास ठेवायचा ते ठरवणारी ट्रस्ट सेंटर नावाची जी व्यवस्था आहे, तिचे हे परीक्षण आहे.

फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर आणि मग ‘एक्सटर्नल कन्टेन्ट’ या वाटेने गेल्यास डेटा कनेक्शनसाठी तीन पर्याय मिळतात : सर्व कनेक्शन चालू ठेवणे, प्रत्येक वेळी विचारणे आणि सर्व बंद ठेवणे. मुळात ‘विचारणे’ हा पर्याय निवडलेला असतो आणि माझ्या मते तो तसाच राहू द्यावा. रोज सकाळी तीच पट्टी पाहून कंटाळलेले कर्मचारी पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. परंतु तो बदल एका फाइलपुरता राहत नाही, त्या संगणकावर पुढे उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलला लागू होतो, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.

हा धोका कल्पनेतला नाही. २०१८ मध्ये नेकर्स या बॉटनेटने (हल्लेखोरांच्या ताब्यातील संगणकांच्या जाळ्याने) आयक्यूवाय प्रकारच्या छोट्या वेब क्वेरी फाइली ईमेलने मोठ्या प्रमाणावर पाठवल्या. त्या फाइलीत मॅक्रो (फाइलीसोबत येणारा छोटा प्रोग्रॅम) नव्हता, केवळ एका संकेतस्थळाचा पत्ता होता. एक्सेल त्या पत्त्यावरून मजकूर आणत असे, त्या मजकुरात डीडीई या प्रोग्रॅममधील देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीच्या साहाय्याने दुसरा प्रोग्रॅम सुरू करण्याचा आदेश असे आणि शेवटी संगणकाचा ताबा दुरून घेणारे सॉफ्टवेअर आत येत असे. लक्षात घेण्याची बाब अशी की, एक्सेलने या प्रवासात दोनदा इशारा दिला होता : कनेक्शन सुरू करताना एकदा आणि दुसरा प्रोग्रॅम चालू करण्यापूर्वी एकदा. तरीही अनेकांनी परवानगी दिली. आज अशा अविश्वासार्ह क्वेरी फाइली कायमच्या अडवण्याची सोय ट्रस्ट सेंटरच्या याच पानावर आहे आणि ज्यांना त्या प्रकारच्या फाइलींची गरज नाही त्यांनी ती अवश्य वापरावी.

माझा मुख्य आक्षेप इशाऱ्याच्या मजकुरावर आहे. कनेक्शन नेमके कोणत्या सर्व्हरशी, कोणत्या पत्त्याशी किंवा कोणत्या फोल्डरशी जोडलेले आहे, हे पट्टीवर लिहिलेले नसते; म्हणजे ज्या एका माहितीच्या आधारे निर्णय घ्यायचा, तीच वापरणाऱ्याच्या समोर नसते. ती शोधण्यासाठी डेटा टॅबवरील ‘क्वेरीज अँड कनेक्शन्स’ उघडून कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधील ‘डेफिनिशन’ पाहावे लागते. त्यातही पॉवर क्वेरी या एक्सेलमधील माहिती आणण्याच्या साधनाने बनवलेले कनेक्शन असेल, तर तेथे मूळ पत्त्याऐवजी ‘मॅशअप’ या अंतर्गत प्रोव्हायडरचे (माहिती पुरवणाऱ्या घटकाचे) नाव दिसते आणि खरा स्रोत पाहण्यासाठी क्वेरी एडिटरमध्ये जावे लागते. लेखा विभागातील लिपिकाकडून एवढी शोधाशोध अपेक्षिणे अवास्तव आहे.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर वाटते. ‘एनेबल कन्टेन्ट’ दाबताच ती फाइल त्या व्यक्तीपुरती ‘ट्रस्टेड डॉक्युमेंट’ ठरते आणि पुढे त्याच जागी असलेल्या त्या फाइलीत नवे कनेक्शन किंवा मॅक्रो कोणी घातला, तरी पट्टी पुन्हा येत नाही. अनेक जण मिळून वापरतात अशा फाइलीबाबत हे सोयीचे असले तरी सुरक्षित नाही. यावर एक्सेलमध्येच चांगला उपाय आहे, पण तो दडलेला आहे : फाइल मेनूतील ‘इन्फो’ पानावर ‘एनेबल कन्टेन्ट’खाली ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडल्यास केवळ चालू सत्रापुरती परवानगी देता येते. हा पर्याय थेट पट्टीवर असायला हवा होता. आधी दिलेले सर्व विश्वास एकत्र रद्द करण्याचे बटण ‘ट्रस्टेड डॉक्युमेंट्स’च्या पानावर आहे.

ठरावीक फोल्डरला विश्वासार्ह मानणारी ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ ही सोय मात्र मनापासून आवडली. नेटवर्कवरील फोल्डर निवडण्यासाठी वेगळी खूण करावी लागते आणि तसे करू नये अशी सूचनाही तेथेच मिळते, हे योग्यच आहे. ज्या फोल्डरमध्ये मोजक्याच जबाबदार व्यक्तींना लिहिण्याचा अधिकार आहे, तोच या यादीत असावा. डाउनलोड्सचा फोल्डर कधीही नसावा. इतर वर्कबुकांशी (एक्सेल फाइलींशी) असलेल्या दुव्यांसाठी ‘एक्सटर्नल कन्टेन्ट’च्या पानावर स्वतंत्र तीन पर्याय आहेत आणि डेटा कनेक्शनची मुभा दिली म्हणजे दुवेही आपोआप ताजे होतील असे नाही, याची नोंद घ्यावी.

तुलनेसाठी गूगल शीट्स पाहावे. तेथे इम्पोर्टरेंज हे सूत्र दुसऱ्या शीटमधून माहिती घेऊ लागले की त्या विशिष्ट स्रोतासाठी परवानगी मागितली जाते. परवानगी संपूर्ण फाइलीला एकत्र न देता स्रोतागणिक देण्याची ही पद्धत मला अधिक विचारपूर्वक वाटते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये दुवे नेहमी ताजे करणे, विचारून करणे किंवा कधीच न करणे असे सरळ पर्याय आहेत.

मोठ्या संस्थांत हे सारे ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून ठरवता येते. स्वतंत्र आयटी विभाग नसलेल्या पतसंस्था आणि करसल्लागारांच्या कार्यालयांनी ‘विचारणे’ हा पर्याय कायम ठेवावा, विश्वासाचा एकच फोल्डर ठरवावा आणि प्रत्येक अहवालाच्या पहिल्या शीटवर त्याचे आकडे कोणत्या स्रोतातून येतात ते लिहून ठेवावे, म्हणजे पट्टीवर नसलेली माहिती निदान फाइलीत तरी सापडेल.